मगरिबच्या आत

"कुठं चाललीस गो?"

एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, अशी मी जागच्या जागी थांबले. अंगात बुरखा, हातात प्लास्टिकची पिशवी. बाहेर नुकतं फटफटलं होतं आणि जैबूनखाला विहिरीच्या कठड्याशी कळशी घेऊन उभी होती. ही माझी घरमालकीण. तिच्या जांभ्या दगडाच्या घरामागची एक खोली आम्ही भाड्यानं घेतली होती.

"कुठं नाही खाला. जरा दारात."

"दारात जायला रबरी बूट लागतात?"

पिशवीतून बुटाचं टोक बाहेर डोकावत होतं. मेल्या बुटानं घात केला, असं मनात म्हणत मी तो आत ढकलला.

माझा नवरा यासीन वारला त्याला तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता. मी इद्दतमध्ये होते. नवरा गेला की आमच्यात बाईनं चार महिने दहा दिवस शोकात काढायचे असतात. नटायचं नाही, दुसरं लग्न करायचं नाही, राहतं घर सोडायचं नाही. धर्मानं एवढंच सांगितलेलं. पण आमच्या सेलूकडच्या गावात त्यावर गावानं आपली बरीच भर घातली होती. आरशात बघायचं नाही, चांदण्यात बसायचं नाही, परक्या पुरुषाचा आवाज कानावर येऊ द्यायचा नाही. माझ्या चुलत सासूनं तर इद्दतीत अंगणातल्या कोंबड्यालाही शेजाऱ्याकडं धाडलं होतं. असल्या गावात वाढलेली मी, नवऱ्याची माती वाळायच्या आत कामावर निघाले होते. चोरासारखी.

निघाले नसते तर काय झालं असतं, तेही सांगते. सेलूकडची जिनिंग बंद पडली, तसे आम्ही नवरा-बायको आणि तान्ही सुमय्या असे इकडं कोकणात बंदरावर आलो. यासीन बर्फाच्या कारखान्यात लागला आणि दोन वर्षांनी मीही कोळंबी सोलायच्या शेडमध्ये जायला लागले. यासीनला कावीळ झाली आणि पंधरवड्यात तो गेला. मातीला त्याचे थोरले भाऊ खाजामियाँ आले होते. जाताना म्हणाले, "इद्दत पूरी होते तक इधरच रहो. बाद में मैं लेने आता. तू अकेली क्या खाएगी, बच्ची को क्या खिलाएगी?"

खाजामियाँ वाईट माणूस नव्हते. भावाच्या कबरीवर ते लहान पोरासारखे रडले होते. पण त्यांच्या घरची रीत मला ठाऊक होती. त्यांनी आपल्या दोन्ही मुली चौथीतून काढल्या आणि न्हाण येताच उजवल्या. सुमय्या तेव्हा सहा वर्षांची होती, बंदरावरच्या शाळेत पहिलीत. बाईंनी शिकवलेल्या कविता घरी येऊन मला म्हणून दाखवायची. तिला तिथं न्यायची नव्हती, तर इद्दत संपेपर्यंत मी माझ्या पायावर उभी असायला हवी होते. दुसरा रस्ताच नव्हता.

आणि शेडचा नियम असा, की नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या दिवशी जी बाई टेबलाशी उभी राहील, तिची जागा हंगामभर पक्की. न आलेलीची जागा दुसरीला. बाहेर कामासाठी बायका रांगेनं उभ्या असायच्या. तो पहिला दिवस म्हणजे आजचा.

"खाला," मी म्हटलं, "गेले नाही तर जागा जाईल."

 खालानं कळशी खाली ठेवली, पदराला हात पुसले. "इथंच थांब. हलू नकोस," म्हणाली आणि घरात गेली.

 सगळा मोहल्ला जैबूनखालाला वचकून असायचा. रोज दुपारी ती मुलींना कुराण शिकवायची, आणि एखादीचा उच्चार चुकला तर तिची छडी आधी जमिनीवर वाजायची, मग हातावर. कुणाच्या लग्नात गाणी मोठ्यानं लागली तर उठून निघून जायची. आता ही जमातीतल्या कुणाला तरी बोलावणार, मला सगळ्यांसमोर उभी करणार, असंच मला वाटलं. यासीन गेल्यापासून तिनं भाडं मागितलं नव्हतं, जमातीनं जकातीतून धान्य भरून दिलं होतं. त्या उपकारांची मी ही अशी फेड करत होते.

खाला बाहेर आली ती बुरखा घालून, हातात छत्री घेऊन.

"सुमय्या निजलीय ना? शेजारच्या आमिनाला सांगितलंय. उठली की ती बघेल. चल."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? शेडवर. मला काय हौस हाय फिरायची?"

मी तिच्या मागून चालायला लागले.  वाटेत ती एकदम म्हणाली, "रसूलल्लाहच्या काळात एक बाई इद्दतमध्ये होती. तिची खजुराची झाडं काढणीला आली. ती तोडायला बाहेर पडली, तर कुणीतरी तिला दटावलं. बाई उठली आणि थेट रसूलल्लाहकडं गेली. काय म्हणाले ते, ठाऊक हाय?"

"घरी बस म्हणाले असतील."

"म्हणाले, जा, तुझा खजूर तोड. त्यातनं तू कदाचित दान करशील, कुणाचं भलं करशील."

मी चालता चालता थांबले. "हे मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस?"

"पण माझ्याकडं कुठं खजूर आहे खाला."

"कोळंबी हाय ना?" असं म्हणून ती पुढं निघाली. "परवाच मी पेशइमामसाहेबांना विचारून ठेवलंय. मी शिकलेय त्यावर भागलं असतं, पण उद्या कुणी म्हणायला नको, की म्हातारीनं घरचा कायदा केला. ज्या विधवेला पोसणारं कुणी नाही, तिला रोजीसाठी दिवसा बाहेर पडता येतं. फक्त रात्र आपल्या घरात काढायची. नटायचं नाही, कामाशिवाय फिरायचं नाही. मगरिबची अजान होईल तेव्हा तू उंबऱ्याच्या आत पाहिजेस. कळलं काय?"

मगरिब म्हणजे आमची सूर्यास्ताची नमाज. कळलं, असं मी म्हटलं खरं, पण छातीवरचा दगड उतरल्यावर दुसराच दगड दिसला. शेड काही दिवसाची नोकरी नव्हती. बोटी लागतील तेव्हा माल, आणि माल येईल तेव्हा काम. निम्म्या बोटी रात्रीच लागायच्या.

शेडचे मुकादम शेट्ये फाटकाशीच होते. खालानं त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि कपाळ खाजवत म्हणाले, "यासीन गेला ते फार वाईट झालं. पण खाला, बोटीला इद्दत कळत नाही. रात्री माल आला आणि ही आली नाही, तर टेबलावरच्या बाकीच्या बायका मला खातील. एकीला सवलत दिली तर उद्या सगळ्या कारणं घेऊन उभ्या."

"दिवसा ती दुपटीनं करेल."

"दिवसा माल दुप्पट आला पाहिजे ना."

त्यांचं काही चूक नव्हतं. मी खालाचा बुरखा मागून ओढला. चला, परत जाऊ. तेवढ्यात आमच्या टेबलावरची सुलभा हातमोजे चढवत आली. सुलभा भाटकर. दोन हंगाम आम्ही शेजारी उभं राहून सोललं होतं. तोंडानं फटकळ, हातानं त्याहून चलाख.

"काय झालं वो शेट्येभाऊ? सक्काळी सक्काळी हिला कशाला रडवताय?"

शेट्येंनी सांगितलं. सुलभानं क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"गणपतीत या शेडात कोण असतं वो?"

"कोण असतं? कुत्रं नसतं. दरवर्षी तुम्ही सगळ्या गावाला पळता आणि मी मालावर बर्फ टाकत बसतो."

"मग? ही काय गणपतीला गावाला जाणाराय? आमच्या गणपतीचे दिवस हिनं काढायचे. हिच्या रात्री आम्ही टेबलावरच्या वाटून घेतो. काय गो मंदा?"

मंदानं मागून मान हलवली. "मला पाच दिवसाचा गणपती पुरा करता आला ना, तर मी म्हणशील तेवढ्या रात्री काढीन. गेल्या वर्षी दीड दिवसातच परत आणलं होतं शेट्येभाऊंनी."

शेट्ये हसायला लागले. "तुम्ही बायका म्हणजे वकील लागून गेल्यात," म्हणाले आणि मला आत जायची खूण केली. त्या दिवशी बर्फाच्या पाण्यात हात घातले तेव्हा मला थंडी वाजलीच नाही. कोळंबीचं डोकं मोडायचं, कवच काढायचं, पाठीतला काळा दोरा ओढायचा. हात आपोआप चालत होते आणि मी मनातल्या मनात शुक्र अदा करत होते.

संध्याकाळी सुट्टी झाली तर फाटकाशी खाला उभी.

"तुम्ही कशाला आलात? मी आले असते."

"चल."

मला वाटलं, पहिला दिवस म्हणून आली असेल. दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्याही. पावसात छत्री घेऊन, गुडघे दुखत असले तर काठी टेकत. काम लवकर संपलं तर मी तिची वाट बघायचे आणि उशीर व्हायला लागला तर ती फाटकातूनच शेट्येंना हाक मारायची, "वेळ झाली हो! बाईला सोडा!" सगळं शेड हसायचं. मी सुलभाला म्हणायचे, "अल्लाहनं नवरा नेला आणि जमादार दिला."

तेवढ्यावर भागलं असतं तर मी सोसलं असतं. पण खालाची वाटच निराळी. शेडच्या मागून, बर्फाच्या कारखान्याला वळसा घालून आमची खोली अगदी जवळ होती. यासीन त्याच वाटेनं जायचा यायचा. खाला मात्र मला बाजारातून, जामा मशिदीच्या समोरून न्यायची. तेही नेमकं अशा वेळी, की मगरिबसाठी आलेले सगळे पुरुष हौदाच्या काठावर ओळीनं वजूला बसलेले. कुणी हात धुतंय, कुणी चूळ भरतंय, आणि समोरून मी, कोळंबीच्या वासात न्हालेली, नवरा मेलेली बाई.

"मागच्या वाटेनं जाऊ या ना, खाला."

"चिखल असतो."

पाऊस उघडल्यावर मी पुन्हा म्हटलं.

"कुत्री असतात."

त्या वाटेवर मी जन्मात कुत्रं पाहिलं नव्हतं. मी नुसतं चालायचे, मान खाली घालून, पाय उचलत. आणि खाला? तिला त्या वेळी मुद्दाम बोलायला सुचायचं. मशिदीच्या पायरीसमोर आली की थांबायची आणि मोठ्यानं म्हणायची, "अस्सलामु अलैकुम, इब्राहिमशेठ. अजानला वेळ हाय ना अजून?"

इब्राहिमशेठ वस्ता हे जमातीचे अध्यक्ष. शांत, पांढऱ्या दाढीचे. ओल्या हातानं घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "व अलैकुम सलाम. आहे खाला, आहे. जा आरामात."

एकदा मला राहवलं नाही. घरी आल्या आल्या मी पिशवी आपटली. "इद्दतमधल्या बाईला तुम्ही रोज अख्ख्या जमातीसमोरून मिरवता? लोक काय म्हणत असतील?"

"काय म्हणतात?"

"म्हणतात, मातीला दोन महिने झाले नाहीत आणि ही रोज बाजारातून जाते."

"म्हणू दे," खाला म्हणाली. "तू मान खाली घाल आणि चाल." एवढं बोलून ती दिवा लावायला गेली. मी त्या रात्री तिच्याशी बोललेच नाही. तिच्या ते ध्यानात तरी आलं का, कोण जाणे. सकाळी तिनं नेहमीसारखा सुमय्याच्या वेणीला हात घातला.

गणपतीत शेडमध्ये मी आणि कारवारकडच्या दोघी, एवढ्याच होतो. बोटं सुजून केळ्याएवढी झाली. पण सुलभा आणि मंदानं रात्री काढल्या होत्या, सकाळी तांबडे डोळे घेऊन त्या माझ्या शेजारी उभ्या राहायच्या आणि एका शब्दानं बोलायच्या नाहीत. त्यांच्यासाठी बोटं सुजली तर सुजली. आजही नमाजनंतर हात वर केले की त्या दोघींची नावं माझ्या दुआत येतातच. अल्लाह सगळ्यांचं ऐकतो, त्याला आडनाव लागत नाही.

मग ऑक्टोबरात एका शुक्रवारी खाजामियाँ आले.

आमच्या तालुक्याचा एक हमाल बंदरावर होता. त्यानं कळवलं होतं, की तुमच्या भावाची बेवा इद्दत मोडून शेडवर जाते. खाजामियाँ माझ्याकडं आलेच नाहीत, थेट मशिदीत गेले. जुम्याच्या नमाजनंतर जमातीतली पाच-सहा वडील माणसं आणि पेशइमामसाहेब खालाच्या पडवीत येऊन बसले. शुक्रवारी शेडला सुट्टी असायची. मी आत, पडद्यामागं, सुमय्याला मांडीवर घेऊन. खाला पडद्याच्या कडेला, पाटावर.

"चाचा," खाजामियाँ इब्राहिमशेठना म्हणाले, "मैं झगडा करने कू नहीं आया. उसको इधर रहना है तो रहने दो. लेकिन बच्ची को मैं लेके जाता. जो औरत शौहर की इद्दत नहीं संभाली, वो उसकी बच्ची क्या संभालेगी?"

सुमय्यानं वर बघून मला विचारलं, "अम्मी, कौनसी बच्ची?" मी तिचं तोंड छातीशी दाबून धरलं.  मी शेडवर जात होते ती हिच्यासाठी, आणि शेडवर जाते म्हणूनच हिला नेणार होते.

पेशइमामसाहेब शांतपणे म्हणाले, "रोजीसाठी विधवेला दिवसा बाहेर पडता येतं. खालांनी मला आधीच विचारलं होतं. मीच सांगितलंय."

"तुम्हारे शाफई में होगा. हम हनफी लोग." कोकणातले मुसलमान शाफई पंथाचे, आमच्याकडचे हनफी, आणि दोघांचे नियम थोडे वेगळे.

"हनफींमध्येही हेच आहे, भाई. नवऱ्याकडून मिळणारा खर्च तिचा थांबला, म्हणून तिला दिवसाची मुभा. कुठल्याही आलिमला विचारा."

 मला वाटलं, संपलं. पण ते तयारीनं आले होते.

"दिन का ठीक है, मान लिया," ते म्हणाले. "रात का क्या? वो कारखाना रात कू चलता. पूछो किसीको भी. बोटी रात कू आते, औरतां रात कू छिलते. ये भी रात कूच जाती होंगी. कौन देखने गया?"

 शेड रात्री चालतं हे सगळ्या बंदराला ठाऊक होतं. मी रात्री जात नव्हते, हे मला ठाऊक होतं, सुलभाला ठाऊक होतं. पण मी आतून ओरडून सांगितलं असतं तरी माझ्या शब्दाला कोण विचारत होतं? आणि खाला, जिला रोज मोठ्यानं बोलायची सवय, ती पाटावर मान खाली घालून बसली होती. तिनं एक अक्षर काढलं नाही. बोला ना खाला, मी मनातल्या मनात आकांत करत होते, आता बोला ना.

"थांबा," इब्राहिमशेठ म्हणाले. "रात्री? ही बाई?" ते बाकीच्यांकडं वळले. "अहो, तुम्ही सांगा. आपण मगरिबच्या वजूला बसतो, तेव्हा समोरून रोज कोण जातं?"

"जैबूनखाला आणि ही पोर," एक म्हातारा आवाज म्हणाला.

"कधी चुकलंय?"

"शेडच्या सुट्टीचा शुक्रवार सोडला तर कधीच नाही."

"त्या वादळी पावसाच्या दिवशी नव्हत्या वाटतं," दुसरे कुणीतरी म्हणाले.

"होत्या, होत्या! छत्री उलटी झाली होती खालाची. मीच तर पायरीवरून उतरून सरळ करून दिली."

"मी तर अलीकडं घड्याळच बघत नाही," पहिला आवाज म्हणाला. "खाला गेली की बांगी अजानला उठतो." आणि ती सगळी वडील माणसं हसायला लागली.

इब्राहिमशेठ खाजामियाँना म्हणाले, "कौन देखने गया, असं विचारलंत ना भाई? आम्ही पाहिलं. सगळ्या जमातीनं पाहिलं. रोज."

"आणि मगरिबनंतर?" खाजामियाँचा आवाज आता खाली आला होता.

तेव्हा खालानं मान वर केली. "हिच्या खोलीला माझ्या पडवीतनंच वाट हाय आणि रात्रीला मी पडवीत निजते. जाईल कुठनं?" मग म्हणाली, "खाजामियाँ, तुम्ही धर्माचा मसला काढलात, बरं केलंत. आता माझा एक. बाप नसलेल्या पोरीला पोसायचं कुणी? बापाकडच्यांनी ना? यासीनला जाऊन इतके दिवस झाले. तुम्ही तिच्यासाठी काय धाडलंत?"

खाजामियाँ जमिनीकडं बघत राहिले. मोठा माणूस, पण त्या वेळी मला त्यांची कीव आली. "नहीं धाडा," ते म्हणाले. "इस महिने से धाडता."

उठताना त्यांनी सुमय्याला बाहेर बोलावलं. मी तिला पाठवलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे पुसले आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेले. खरं सांगायचं तर त्यांनी पैसे एकदाच धाडले. त्यांच्या घरची ओढाताण मला ठाऊक होती, मला तेही खूप वाटलं. पण सुमय्याला न्यायची भाषा त्यांनी पुन्हा कधी केली नाही. तिच्या निकाहाला ते आले, आणि तिनं नोकरी करावी का, हे मलाच विचारत होते.

सगळे गेल्यावर मी पडवीत आले. खाला तशीच पाटावर बसली होती. मी तिच्या पायाशी बसले. बोलायचं खूप होतं, पण तोंडातून आलं ते एवढंच, "म्हणून मशिदीसमोरून?"

"मग काय कुत्र्यांना भिऊन?" ती म्हणाली.

मी हसले आणि हसता हसता मला रडू फुटलं. "तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? मी तुम्हाला काय काय म्हणाले..."

"जमादार म्हणालीस. सुलभानं सांगितलं." तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिचा हात इतका हलका असेल, असं मला वाटलं नव्हतं. "सांगितलं असतं, तर तू ताठ मानेनं चालली असतीस. लोकांना वाटलं असतं, दाखवायला चालते. तू लाजून चाललीस, तेच बरं झालं."

 समोर अंगणात सुमय्या ठिकरीच्या रेघा ओढत होती.

"माझा शौहर गेला तेव्हा मी तुझ्याएवढीच होते," खाला म्हणाली. "पोरगा दोन वर्षांचा. इद्दतीत त्याला ताप भरला. सासरचे सगळे लग्नाला गेलेले. मी त्याला उचललं आणि डॉक्टरकडं नेलं. दिवेलागणीच्या आत परत आले. मसला मला तेव्हाही ठाऊक होता, बाय. बापानं शिकवला होता. गरजेला दिवसा जाता येतं. पण सासरी कळलं, आणि म्हणाले, ही रात्री बाहेर होती. मी कुराणावर हात ठेवला. पण कुणी पाहिलं होतं? मागच्या वाटेनं गेले होते ना मी, लोकांना चुकवून. लाज वाटली म्हणून."

"आणि पोरगा?"

"त्यांनी ठेवून घेतला. थोरल्या जावेनं वाढवला. कुवेतला असतो. चांगला हाय, नमाजी हाय. ईदला न चुकता फोन करतो." ती थांबली. "मला चाची म्हणतो."

मी तिचे दोन्ही हात हातात घेतले.  माझी सुमय्या समोर एका पायावर उड्या मारत होती, माझ्या अंगणात, मला 'अम्मी, देखो' म्हणत. ती तिथं होती ती ह्या म्हातारीमुळं. स्वतःचं पोर जाताना जे तिच्यापाशी नव्हतं, ते तिनं माझ्यासाठी पावसापाण्यात, दुखऱ्या गुडघ्यांनी, एकेक संध्याकाळ करून जमवलं होतं. त्या दिवशी मी अल्लाहचे जेवढे आभार मानले, तेवढे आयुष्यात कधी मानले नाहीत, आणि प्रत्येक वेळी त्यात तिचं नाव होतं.

त्यानंतरही ती रोज फाटकाशी यायची. शेवटच्या दिवसापर्यंत एकही संध्याकाळ चुकली नाही.

माझी इद्दत संपली. दुसऱ्या दिवशी शेडमधून बाहेर पडले, तर ती पुन्हा उभी, ह्या वेळी सुमय्याला हाताशी धरून.

"खाला, आता कशाला? काल संपली ना इद्दत."

"तुझी काल संपली," ती म्हणाली. "चल, बाजारात काम हाय."

ती आम्हाला कासाराच्या दुकानात घेऊन गेली. दिवेलागण झाली होती, मशिदीत अजान सुरू होती, आणि मी घराबाहेर होते. कासारानं हिरव्या-लाल बांगड्यांच्या लडी समोर मांडल्या. खालानं माझा सुजलेला हात त्याच्यापुढं केला. "हळू भर. कोळंबीचा हात हाय." त्यानं हळूहळू, साबण लावून, एकेक बांगडी चढवली. सुमय्यालाही छोट्या बांगड्या भरल्या. मी पिशवीतून माझ्या कमाईचे पैसे काढायला लागले.

"थांब," खाला म्हणाली.

जैबूनखालाच्या हातात मी कधी काचेची बांगडी पाहिली नव्हती. तिनं बुरख्याची बाही वर सरकवली, तो सुरकुतलेला, मोकळा हात कासारापुढं धरला आणि मान फिरवून दुसरीकडं बघत म्हणाली, "आता मला भर."